मुदतीचं घर, हप्त्याचं मशीन

बेघर झालेल्यांना ठरावीक मुदतीसाठी खोली देणाऱ्या आमच्या निवासात प्रत्येकाचा संसार बॅगेत होता. खोलीत कपाट होतं, पण आत पाऊल टाकलं त्याच दिवशी सांगितलं होतं की जाताना किल्ली परत करायची. त्यामुळे ते कपाट कुणी मनापासून वापरलंच नाही. कपडे बॅगेत, कागदपत्रं बॅगेत, मुलांच्या वह्या बॅगेत. आणि बहुतेक बॅगांच्या चेन बिघडलेल्या. कुणी दोरी गुंडाळलेली, कुणी सेफ्टी पिना टोचलेल्या, एका काकांनी तर जुना पट्टाच आवळून बांधलेला. माझ्या धंद्याची सुरुवात तिथून झाली. कल्पना सुचायला मला फार विचार करावा लागला नाही, ती डोळ्यांसमोर ढिगाने पडली होती.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं शिलाई केली. कारखाना बंद झाला, भाडं थकलं, घर गेलं. त्यावर आणखी लिहावंसं वाटत नाही. काही आठवडे रात्रनिवाऱ्यात काढले आणि मग मला आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला या निवासात खोली मिळाली. रात्रनिवारा म्हणजे रोज संध्याकाळी नव्याने जागा शोधायची. स्वतःचं घर म्हणजे कुणी उठवणार नाही ही खात्री. हे त्या दोघांच्या मधलं. आम्ही त्याला मधलं घर म्हणायचो. माझी मुदत अठरा महिन्यांची होती. अशा घरांची मुदत जागोजागी वेगळी असते. अमेरिकेत सरकारी मदतीवर चालणाऱ्या अशा निवासांना कमाल २४ महिन्यांची मर्यादा घातलेली आहे. मुदत कितीही असो, पहिल्या दिवसापासून ती मागे लागलेली असते. पुढचं सगळं सांगताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण कर्जाचं सगळं गणित तिच्यावरच येऊन अडतं.

पहिली चेन मी फुकट बसवली, शेजारच्या खोलीतल्या मावशींची. खरं तर बसवली म्हणणंही बरोबर नाही. चेन उघडी राहते तेव्हा लोकांना वाटतं दात गेले. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, झिजलेला असतो रनर, म्हणजे चेन उघडताना-मिटताना सरकवतो तो तुकडा. त्याच्या तोंडाची फट रुंदावते आणि दोन्ही बाजूचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत. रनरच्या मागच्या कडा पक्कडीने अगदी हलक्या हाताने दाबल्या की चेन पुन्हा धरते. काही महिने तरी निभावते. मावशींची बॅग दोन मिनिटांत बंद झाली. त्या बराच वेळ ती नुसती उघडत आणि मिटत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात चार बॅगा होत्या.

महिनाभर मी पक्कड आणि सुई-दोऱ्यावर काम केलं आणि एका वहीत लिहीत गेले: कुणाची बॅग, काय बिघडलं, किती वेळ लागला, काय जमलं नाही. ही वही पुढे माझ्या फार उपयोगी पडली. तिच्यातला ‘जमलं नाही’ हा रकाना सगळ्यांत लांब होता. तुटलेला खांद्याचा पट्टा, फाटलेला तळ, अख्खी चेन बदलणं, यातलं काहीच हाताने होत नाही. घरगुती मशीनवर पट्ट्याचे तीन थर दाबाखाली जातच नाहीत, गेले तर सुई तरी मोडते नाहीतर टाके तरी सुटतात. त्यासाठी कारखान्यातलं मशीन हवं, जाड कापड वरून आणि खालून दोन्हीकडून ओढणारं. ते घ्यायला पैसे नव्हते.

निवासातल्या समन्वयक ताईंनी एका सूक्ष्मकर्ज, म्हणजे तारणाशिवाय छोटं कर्ज, देणाऱ्या संस्थेचं नाव सांगितलं. बँकेचा प्रश्नच नव्हता. बँकेला कायमचा पत्ता लागतो, तारण लागतं आणि फेडीचा इतिहास लागतो. माझ्याकडे पत्ता होता तो मुदतीचा, तारण काही नव्हतं, आणि इतिहास होता तो थकलेल्या भाड्याचा.

कर्जाआधी सहा बैठकांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. पहिल्याच बैठकीत अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांची गोष्ट सांगितली. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात बांबूची बसायची स्टुलं विणणाऱ्या बायका सावकाराच्या पाशात होत्या. ४२ जणांचं मिळून कर्ज होतं जेमतेम ८५६ टका, म्हणजे त्या वेळचे सुमारे २७ डॉलर. युनूसांनी ते खिशातून दिले. १९८३ साली त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना आणि बँकेला मिळून शांततेचं नोबेल मिळालं. गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, हे मी मोकळेपणाने सांगते. सत्तावीस डॉलरसाठी बेचाळीस माणसं अडकून पडतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण समन्वयक ताई त्या रात्री म्हणाल्या, “गोष्ट चांगली आहे, पण तेवढ्यावर सही करू नकोस.” त्यांनी मला २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झालेल्या सहा अभ्यासांबद्दल सांगितलं. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांत ज्यांना कर्जाची सोय मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही त्यांची तुलना केली होती. काहींचे धंदे थोडे वाढले, आपल्या मर्जीने काम निवडायची थोडी मोकळीक आली, पण कुटुंबाचं सरासरी उत्पन्न ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. गरिबी हटली वगैरे काही नाही. मी जरा खट्टू झाले. ताई म्हणाल्या, “कर्ज धंदा देत नाही. तुझ्याकडे धंदा आधीच असेल तर त्याला अवजार देतं. तुझी वही काढ.” आम्ही वही काढली. महिन्यात एकवीस बॅगा परत पाठवल्या होत्या. त्या एकवीस बॅगांच्या भरवशावर मी अर्ज केला.

अर्ज भरताना व्याजाचा घोळ कळला, आणि तो इथे सविस्तर सांगते, कारण माझ्याबरोबरच्या तिघींनी तो न समजता सही केली होती. आम्हाला दोन ठिकाणांहून कर्ज मिळू शकत होतं आणि दोन्हीकडे व्याज ‘१२ टक्के’ असं लिहिलेलं होतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून समजा १२,००० घेतले, बारा महिन्यांत फेडायचे. एका ठिकाणी व्याज सपाट दराने होतं. म्हणजे पूर्ण १२,०००वर वर्षभराचं व्याज १,४४०, आणि हप्ता महिन्याला १,१२०. दुसऱ्या ठिकाणी ते घटत्या शिलकीवर होतं, म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच. तिथे हप्ता साधारण १,०६६ आणि वर्षभराचं एकूण व्याज ८००च्याही आत. आकडा तोच, बारा. पण सपाट दरात तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही व्याज देत राहता, आणि तो बारा टक्के प्रत्यक्षात साडेएकवीसच्या घरात जातो. वर ‘प्रक्रिया शुल्क’ आधीच कापून घेतलं तर आणखी वर. मी तेव्हापासून कुणालाही एकच प्रश्न विचारायला सांगते: हातात नेमके किती पडणार आणि शेवटपर्यंत एकूण किती भरायचे? दोनच आकडे. टक्के नंतर.

मी घटत्या शिलकीवाली संस्था निवडली. तिथे पहिला पर्याय गटकर्जाचा होता. पाच जणींचा गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. तारण नसलेल्यांना कर्ज द्यायची ही जुनी, अनेक देशांत वापरलेली रीत आहे आणि गावात ती का चालत असेल हे मला समजतं. गावात माणसं उद्याही तिथेच असतात. मधल्या घरात तसं नसतं. आमच्या पाचांपैकी दोघींची मुदत तीन महिन्यांत संपत होती. त्या कुठे जाणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. अशा माणसांना एकमेकींच्या हप्त्याचं ओझं बांधणं मला अन्यायाचं वाटलं. उद्या घर मिळालं म्हणून आनंदाने गेलेल्या बाईकडे मागे राहिलेल्या चौघी थकबाकीदार म्हणून बघणार, हे काही बरोबर नाही. आम्ही पाचही जणींनी मिळून तसं सांगितलं. संस्थेच्या सरांनी ऐकून घेतलं आणि वैयक्तिक कर्जाचा मार्ग काढला. तारणाऐवजी समन्वयक ताईंचं पत्र आणि माझी वही. वही त्यांनी पूर्ण वाचली. ‘जमलं नाही’ हा रकाना त्यांनी बोट ठेवून मोजला.

मग मी सवलतीचा काळ मागितला, म्हणजे पहिला हप्ता उशिरा सुरू करायची मुभा. यासाठी मला सगळ्यांत जास्त झगडावं लागलं. नेहमीचा नियम होता की पैसे हातात पडले की दोन आठवड्यांत पहिला हप्ता. दोन आठवड्यांत मशीन शोधायचं, आणायचं, हात बसवायचा, कामं करायची, पैसे वसूल करायचे आणि त्यातून हप्ता द्यायचा. असं होत नाही. होतं काय, तर माणूस कर्जातलेच थोडे पैसे बाजूला ठेवतो आणि पहिले काही हप्ते त्यातून भरतो. म्हणजे अवजारासाठी आणलेला पैसा अवजारात जातच नाही. कोलकात्यातल्या कर्जदार बायकांवर नेमका असा अभ्यास झालेला आहे, एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. ज्यांना दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी हप्ता सुरू करू दिला त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. त्याच अभ्यासात थकबाकीही वाढल्याचं दिसलं होतं, आणि सरांनी लगेच ते दाखवलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. संस्था त्या वसुलीवरच चालते. शेवटी सहा आठवडे ठरले, त्या काळात फक्त व्याज भरायचं. माझ्या मते ते सहा आठवडे कर्जाच्या रकमेइतकेच मोलाचे होते.

रक्कम सांगत नाही, ती जागेनुसार बदलते. कर्ज शंभर धरलं तर असं वाटलं गेलं: पंचावन्न जुन्या मशीनला, बारा मोटरला, पंधरा मालाला, सहा हत्यारांना, आणि बारा हात न लावता बाजूला. मोटर वेगळी का, तर मशीनला मूळची क्लच मोटर होती. ती पाय दाबा न दाबा, चालूच असते आणि सतत घुमते. तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत पहिल्या दिवशी ती लावली आणि तासाभरात तिघांची तक्रार आली. त्यातला एक तरुण रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. त्याला झोपच लागेना. सर्व्हो मोटर फक्त पाय दाबला की चालते, एरवी गप्प. माझ्या आधीच्या हिशेबात ही मोटर नव्हती, ती मालाच्या पैशांतून घ्यावी लागली. माल म्हणजे नायलॉनची चेन पाच, आठ आणि दहा नंबरची मीटरवर, त्याच नंबरांचे रनर, पट्टे, बकलं, जाड नायलॉनचा दोरा आणि अठरा नंबरच्या सुया. पाच नंबर म्हणजे बंद चेनचे दात साधारण पाच मिलिमीटर रुंद. नंबर जुळला नाही तर नवा रनर काही कामाचा नाही, आणि पहिल्या महिन्यात मी आठ नंबरचे रनर गरजेपेक्षा खूप जास्त आणून पैसे अडकवून बसले.

खोलीत धंदा करायला निवासाच्या नियमांत मनाई होती. सामाईक खोली मिळाली ती आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार तास. मशीन झाकून ठेवायचं, सुया मोजून कुलपात. हे नियम मला जाचक वाटले नाहीत, तिथे लहान मुलं होती. खरी अडचण दुसरीच निघाली. निवासाचं शुल्क कमाईच्या ठरावीक हिश्शावर होतं. मी पहिल्या महिन्याचा गल्ला ‘कमाई’ म्हणून लिहून दिला आणि शुल्क एकदम वाढलं. त्या गल्ल्यात चेनची किंमत होती, दोऱ्याची होती, हप्ता होता. गल्ला म्हणजे नफा नव्हे हे समजावून सांगायला मला दोन महिने आणि वहीच्या प्रती लागल्या. त्या दोन महिन्यांत बाजूला ठेवलेले बारा संपले. मधल्या घरात राहून धंदा करणाऱ्याने हे कर्ज घेण्याआधी लेखी ठरवून घ्यावं: खर्च वजा जाता जे उरेल ती कमाई, आणि सुरुवातीचे काही महिने शुल्क स्थिर. आमच्या निवासाने नंतर तसा नियम केला. मला तो थोडा उशिरा मिळाला.

धंदा निवासातल्या बॅगांवर चालणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडून मी फक्त मालाचा खर्च घ्यायचे. खरे पैसे बाहेरून आले. शाळकरी मुलांच्या दप्तरांचे पट्टे, प्रवासी बॅगांची चाकं, घरपोच सामान देणाऱ्या मुलांच्या मोठ्या पिशव्या. त्या पिशव्या दिवसभर उघडझाप होतात, त्यांची चेन टिकतच नाही. एका मुलाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. चौथ्या महिन्यापासून हप्ता कामातून निघू लागला. पाचव्या महिन्यात मुलगा तापाने आजारी पडला, मी दहा दिवस मशीनला हात लावला नाही आणि एक हप्ता चुकला. मी आदल्या दिवशीच सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी तो हप्ता शेवटी टाकला, दंड लावला नाही. माझ्याबरोबर कर्ज घेतलेली एक ताई भीतीने गेलीच नाही. फोन उचलायचं तिने बंद केलं आणि तिची थकबाकी वाढत गेली. ती माझ्यापेक्षा हुशार आणि कष्टाळू होती. हप्ता चुकण्याआधी जाऊन सांगता येतं, हे तिला कुणी ठासून सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. याची बोच मला अजून आहे.

आता मुदतीबद्दल. अकराव्या महिन्यात माझ्यापुढे दोन खर्च एकदम उभे राहिले. घर शोधायचं तर अनामत रक्कम साठवायला हवी होती, आणि धंदा वाढवायचा तर माल भरायला हवा होता. कर्जाचे आठ हप्ते बाकी होते. एका रात्री मी माल भरायला ठेवलेली सगळी रक्कम मोजून अनामतीच्या पाकिटात घातली. सकाळी परत काढली. अनामत भरून घर मिळालं असतं, पण चेनचा साठा संपून धंदा बसला असता, आणि मग त्याच घराचं भाडं थकलं असतं. हे एकदा घडून गेलेलं होतं. सूक्ष्मकर्ज देणाऱ्यांनी हा प्रसंग आधीच धरून चालावं असं मला कळकळीने वाटतं. मधल्या घरातल्या माणसाच्या कर्जाचे जड हप्ते त्याच्या घर सोडण्याच्या महिन्यांवर येता कामा नयेत. एक तर फेड त्याआधी संपावी, नाहीतर त्या दोन-तीन महिन्यांत हप्ता निम्मा व्हावा. शेतकऱ्याचा हप्ता सुगीला धरून ठरवतात, तसंच हे. मी मागितलं तेव्हा करारात अशी सोय नव्हती, पण सरांनी दोन महिने हप्ता कमी करून मुदत तेवढी वाढवली. व्याज थोडं जास्त पडलं. मी ते आनंदाने भरलं.

घर मिळायला शेवटी कर्जाचाच एक वेगळा उपयोग झाला, आणि त्याची मला कल्पना नव्हती. ही संस्था फेडीची नोंद पतनोंदणीकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवत होती. सगळ्या लहान संस्था पाठवत नाहीत, म्हणून हेही आधी विचारून घ्यावं. घरमालकांनी माझी नोंद तपासली तेव्हा जुन्या थकबाकीच्या खाली वर्षभराचे हप्ते दिसत होते, आणि चुकलेल्या हप्त्याच्या जागी ‘मुदतवाढ’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्याबद्दल विचारलं. मी मुलाच्या आजारपणाचं सांगितलं. ते म्हणाले, “आधी कळवलं होतं ना, मग ठीक.”

सोळाव्या महिन्यात आम्ही निघालो. एक खोली, एक खिडकी, मशीन त्या खिडकीत. तीन महिन्यांनी शेवटचा हप्ता भरला. पावती वहीतच चिकटवली आहे. सरांनी दुसऱ्या, मोठ्या कर्जाचा अर्ज पुढे केला, तो मी अजून भरलेला नाही. दुसरं मशीन घेण्याइतकं काम सध्या नाही, आणि वहीत ‘जमलं नाही’ या रकान्यात या महिन्यात फक्त तीन बॅगा आहेत. तिन्हींची चाकं रिव्हेटने बसवलेली, त्यांना ड्रिल लागतं. ते मी साठवून घेईन.

बुधवारी दुपारी मी निवासातल्या त्याच सामाईक खोलीत बसते, पक्कड, सुया आणि रनरचा डबा घेऊन. नव्याने आलेले लोक बॅगा आणतात. मागच्या बुधवारी एक मुलगी आली, विशीतली असेल. तिची बॅग नीट होती, कुठे काही बिघडलेलं नव्हतं. तिला रनर कसा दाबतात ते शिकायचं होतं. मी तिला डब्यातले ते जास्तीचे आठ नंबरचे रनर दिले, सराव करायला. आणि एक कोरी वही.